इंटरचे पाय गेले की इन्झागीचं डोकं? (हंगामाच्या शेवटचा थकवा आणि रोटेशन, म्हणजे खेळाडू आलटून-पालटून खेळवणं)

नाशकातला_नेराझुरी | २८ एप्रिल २०२५, सकाळी ८:५०

आमचं इंटर मिलान: आठ दिवस, तीन सामने, तीन पराभव, गोल शून्य. २० तारखेला बोलोन्याने ९४व्या मिनिटाला मारलं. बुधवारी कोपा इटालियाच्या (इटलीचा कप) सेमीफायनलमध्ये मिलानकडून ०-३. आणि काल संध्याकाळी घरच्या मैदानावर रोमाकडून ०-१. रात्री नापोलीने तोरिनोला हरवलं, म्हणजे लीगमध्ये ते आता तीन गुणांनी पुढे आणि फेऱ्या उरल्यात चार. महिन्याच्या सुरुवातीला आम्ही तीन करंडकांच्या गोष्टी करत होतो. आता बुधवारी बार्सेलोनाच्या घरी चॅम्पियन्स लीगची सेमीफायनल आहे आणि मला बघायचीच भीती वाटतेय.

काल बारेल्लाकडे बघा. चेंडू पायातून निसटतोय, हा माणूस मागे वळून बघतोय, आणि धावत नाहीये. बारेल्ला! अचेर्बी ३७ वर्षांचा, म्खितार्यान ३६ चा, सोमर ३६ चा. त्यात रोमाचा सामना खरं तर शनिवारी होता. पोपच्या अंत्यसंस्कारामुळे तो रविवारी गेला आणि बार्सेलोनाआधीचा विश्रांतीचा एक दिवस कमी झाला. पावार पंधरा मिनिटांत घोटा धरून बाहेर.

मुद्दा असा की आमच्या कोच इन्झागीने बदली खेळाडू वेळेवर वापरले असते तर हे टळलं असतं का? की आमचे बदली खेळाडू त्या लायकीचेच नाहीत? मला विचाराल तर दुसरं. असलानीला चाल्हानोग्लूच्या जागी खेळवणं म्हणजे तुपाच्या जागी डालडा.

---

लालेलाल_अॅनफिल्ड | २८ एप्रिल, सकाळी ९:३२

काल रात्री टॉटनहॅमला ५-१ ठोकून लीग जिंकलेल्या लिव्हरपूलचा नम्र समर्थक बोलतोय. झोप झालेली नाही, घसा बसलाय, तरी प्रतिसाद देणं कर्तव्य आहे.

थकवा हा हरणाऱ्यांचा आजार आहे. सलाह लीगच्या एकूण एक सामन्यात खेळलाय. व्हॅन डाइक तेहतीस वर्षांचा, तोही जवळपास सगळ्यात. आमच्या कोच स्लॉटने मधली फळी तीच तीच खेळवली. चांगले अकरा सापडले की त्यांना हात लावू नये.

---

तोफखाना | २८ एप्रिल, सकाळी ९:४०

लालेलाल, अभिनंदन. आता थोडी आठवण करून देतो. ९ फेब्रुवारीला स्लॉटसाहेबांनी एफए कपात अख्खा संघ बदलला आणि तुम्ही प्लिमथकडून हरलात. प्लिमथ तेव्हा दुसऱ्या श्रेणीच्या तळाशी होतं. मार्चमध्ये तेच 'चांगले अकरा' घेऊन पाच दिवसांत चॅम्पियन्स लीगमध्ये पॅरिसकडून (पीएसजी) पेनल्टीवर बाहेर आणि लीग कपच्या फायनलमध्ये न्यूकॅसलकडून हार. म्हणजे बदललं तरी हरलात, नाही बदललं तरी हरलात. लीग मिळाली कारण पाठलाग करायला कुणी उरलंच नव्हतं. आम्ही आर्सेनलवाले होतो, पण आमचे पाठलाग करणारे दवाखान्यात होते.

आमची जखमींची यादी वाचा. साका डिसेंबरात मांडीचा मागचा स्नायू फाटून गेला तो १ एप्रिलला परत आला. जेझुस जानेवारीत गुडघ्याने गेला. हावर्ट्झ फेब्रुवारीत दुबईच्या सराव शिबिरात गेला. विश्रांतीसाठी नेलेल्या शिबिरात! साका आला त्याच सामन्यात गाब्रिएल गेला. मेरिनो हा मधल्या फळीचा माणूस आमचा सेंटर फॉरवर्ड आहे. उद्या याच अवस्थेत पॅरिसशी सेमीफायनल.

आणि साकाचं काय झालं त्याचं आश्चर्य वाटतं ते लोक मला भेटवा. ऑक्टोबर २०२३ पर्यंत पोरगा सलग ८७ लीग सामने खेळला होता. आम्ही त्याचं कौतुक करत होतो, विक्रम म्हणून. विक्रम कसला, व्याज साठत होतं.

---

आकडेमोड | २८ एप्रिल, सकाळी १०:१५

धाग्यात कुणी मोजलेलं दिसत नाही म्हणून मोजतो. इंटरचे आजपर्यंतचे सामने: लीग ३४, कोपा ४, चॅम्पियन्स लीग १२, सुपर कप २. एकूण ५२.

नापोली: लीग ३४, कोपा ३. एकूण ३७. डिसेंबरात लाझिओने त्यांना कोपातून काढलं आणि गेल्या वर्षी ते दहावे आल्यामुळे युरोपातल्या स्पर्धा नाहीतच.

पंधरा सामन्यांचा फरक. पंधरा सामने म्हणजे नुसते पंधरा नव्वद मिनिटं नव्हेत. त्यात विमानप्रवास, हॉटेल, आणि प्रत्येकामागे बुडालेले दोन सरावाचे दिवस धरा. नापोलीचा कोच कोंते मंगळवार-बुधवारी मैदानावर डावपेच घोटवून घेतो, इन्झागी त्या वेळी विमानात असतो.

कोंतेची चेल्सी २०१६-१७ मध्ये चॅम्पियन झाली तेव्हाही युरोपात नव्हती. त्याच्या आदल्या वर्षीची लेस्टर तर युरोपात नव्हतीच, शिवाय दोन्ही कपांतून लवकर बाहेर पडली होती. त्यांनी अख्ख्या लीगमध्ये सर्वांत कमी खेळाडू वापरले आणि लीग नेली. म्हणजे रोटेशन न करता जिंकता येतं, फक्त त्यासाठी आधी बाकी सगळीकडून हरावं लागतं.

---

झोपाळू | २८ एप्रिल, सकाळी १०:२०

शेवटचं वाक्य +१. आमचं ऑफिसही असंच चालतं.

---

कूपरेज_काका | २८ एप्रिल, दुपारी १२:०५

मंडळी, मी साठीच्या पुढचा. मुंबईत कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप बघत मोठा झालो. मोहन बागान, मोहमेडन, गोव्याचे डेम्पो, साळगावकर, आपले मफतलाल, ऑर्के मिल्स. एकाआड एक दिवस सामना असायचा, अनिर्णित राहिला की पुन्हा. मैदान कसलं, कडक उन्हात वाळलेली भाकरी. खेळाडू लोकलने यायचे. थकलो असं म्हणताना कुणाला पाहिलं नाही. आताच्या मुलांकडे विमान, मसाज, बर्फाचे टब, पाच-पाच बदली खेळाडू, आणि तरी हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीमागचा स्नायू, फाटतोच. काहीतरी चुकतंय.

---

वैद्यकीय_रजा | २८ एप्रिल, दुपारी १:४०

काका, आदरपूर्वक असहमत. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पुण्यात खेळाडूच बघते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तेव्हाचा खेळ आणि आताचा खेळ यात धावण्याची जात बदलली आहे. एकूण अंतरापेक्षा पूर्ण वेगाच्या धावा महत्त्वाच्या, कारण मांडीमागचा स्नायू तिथेच फाटतो. पाय पुढे फेकलेला असतो, टाच टेकायच्या ऐन आधी, तेव्हा तो स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावण्याचं काम करतो. ताजा असेल तर पेलतो. दमलेला असेल तर एखाद्या क्षणी उशिरा आवळला जातो आणि मग टर्रकन. युरोपातल्या मोठ्या क्लबांचा वर्षानुवर्षं चाललेला दुखापतींचा अभ्यास आहे. त्यात २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींपैकी हॅमस्ट्रिंगच्या १२ टक्के होत्या, २०२१-२२ मध्ये २४ टक्के. दुप्पट. बर्फाचे टब असताना दुप्पट.

सामना संपल्यावर स्नायूतली साखर पूर्ववत भरायला दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे रविवार-बुधवार-रविवार खेळणारा माणूस टाकी पाऊण भरून निघतो, पुढच्या वेळी त्याहून कमी. पंचविशीतल्या पोराचं निभावतं, अचेर्बीचं कसं निभावतं ते त्यालाच ठाऊक.

आता एक गोष्ट जी चाहत्यांना पटत नाही. बाकावर बसलेला खेळाडू 'ताजा' असतो हा गैरसमज आहे. सहा आठवडे ज्याने सामन्याच्या वेगाने धाव घेतलेली नाही, त्याला अचानक नव्वद मिनिटं दिली तर तोही फाटतो. सरावात तो वेग येत नाही. म्हणून एप्रिलमध्ये सुचलेलं रोटेशन हे रोटेशन नसतं, ती घाबरगुंडी असते.

---

रंकाळ्याचा_राइटबॅक | २८ एप्रिल, रात्री १०:५५

ताई, तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि लिवायला बसलो. दिवसभर दुकानात गिऱ्हाईक, आत्ता मोकळा झालो.

मी कोल्हापूरचा. एका तालमीकडनं सात हंगाम राइट बॅक खेळलो, नाव सांगत नाही, सांगितलं तर निम्मं कोल्हापूर हितं भांडायला येईल. आमच्याकडं लीग हिवाळ्यात सुरू होती आणि मग उन्हाळ्यात एकामागं एक नॉकआऊट कप. मार्च-एप्रिलात शाहू स्टेडियम म्हणजे तापलेला तवा. चारची मॅच, गॅलरी फुल्ल, पेठेचा झेंडा. पोरं सकाळी कामावर, दुपारी बूट घालून ग्राऊंडवर. कोण फाउंड्रीत, कोण टेम्पोवर. काका, थकलो असं आम्हीपण कुणी म्हणत नव्हतो. म्हणून थकलो नव्हतो असं न्हाई. म्हणायची सोय नव्हती.

एका वर्षी पंधरा दिवसांत पाच सामने आले. चौथ्याच्या आदल्या दिवशी माझी मांडी मागनं ओढत होती. कोचनं सांगितलं, उद्या बस, फायनलला लागशील. मला पटलं. संध्याकाळपर्यंत पेठेत बातमी. रात्री जेवताना दारात चार जाणती माणसं. 'पोराला का बसवलं? काय भांडण झालंय का?' आईला वाटलं मी कायतरी करून बसलोय. दुसऱ्या दिवशी कोचनं मला खेळवलं. त्यानं तरी काय करावं, त्यालाही त्याच पेठेत राहायचं हुतं.

तिसाव्या मिनिटाला पळताना मांडीत असा फटका बसला की मी मागं वळून बघितलं कुणी काय मारलं. गॅलरीतनं बाटली आली असं वाटलं. मागं कुणीच नव्हतं.

खरी गोष्ट पुढंच हाय. फायनलला माझ्या जागी एक पोरगा घातला. हंगामभर बाकावर. सरावाला रोज सगळ्यात आधी यायचा, ग्राऊंडवर पाणी मारायचा, पिशव्या उचलायचा. त्याला वर्षात मोजून वीस मिनिटं मिळाली असतील. पहिल्या हाफातच त्यानं उशिरा पाय घातला, पेनल्टी, आम्ही हरलो. पेठेनं त्याला दोन वर्षं तोंड वर काढू दिलं न्हाई. पुढं खेळायचाच थांबला. चूक त्याची हुती? डिसेंबरात, जेव्हा आम्ही दुबळ्या टीमवर चार गोल मारून बी अकराच्या अकरा शेवटपर्यंत ठेवत हुतो, तेव्हा त्याला अर्धा तास दिला असता तर?

नाशिककर भावा, तुमच्या त्या असलानीला डालडा म्हणताना जरा दमानं. त्याला भट्टीवर ठेवलंय कधी?

---

तोफखाना | २८ एप्रिल, रात्री ११:२०

राइटबॅकराव, दंडवत. 'म्हणायची सोय नव्हती' हे उद्या ऑफिसात वापरणार.

---

ओल्ड_ट्रॅफर्ड_ते_औंध | २९ एप्रिल, सकाळी ७:४५

आमच्या मँचेस्टर युनायटेडची सध्याची अवस्था बघता मी इतिहासाबद्दलच बोलू शकतो, तर तेच.

१४ एप्रिल १९९९. एफए कपची सेमीफायनल, आर्सेनलशी पुन्हा खेळवलेला सामना. आम्ही तेव्हा लीग आणि चॅम्पियन्स लीग दोन्हींत जिवंत. आजच्या भाषेत इंटरच. आमच्या कोच फर्ग्युसनने गिग्ज, स्कोल्स आणि यॉर्क यांना बाकावर बसवलं आणि शेरिंगहॅम-सोल्शेअर पुढे खेळवले. आर्सेनलविरुद्ध! आज कुणी असं केलं तर सामना सुरू व्हायच्या आधी हॅशटॅग निघेल. सामना १२० मिनिटं गेला, कीन लाल कार्डावर बाहेर, आणि शेवटी दमलेल्या बचावातून अर्ध्या मैदानाइतका पळत जाऊन गोल कुणी केला? उशिरा उतरलेल्या गिग्जने. आठवड्याने तुरीनमध्ये युव्हेंटसला ३-२.

लोकांना गिग्जचा गोल आठवतो. तो ताजा का होता हे कुणाला आठवत नाही.

---

कूपरेज_काका | २९ एप्रिल, सकाळी ९:००

कोल्हापूरकर, तुमचं वाचून एक आठवलं. आमच्या चाळीतला एक खेळाडू मिलच्या संघातून खेळायचा. पस्तिशीत जिना चढताना कठडा धरायचा. आम्ही त्याला 'सुटलाय' म्हणून चिडवायचो. गुडघे गेले होते हे आता कळतंय. मी माझा मुद्दा पूर्ण मागे घेत नाही, पण अर्धा घेतो.

---

नाशकातला_नेराझुरी | १ मे, पहाटे ३:१०

महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे जागलो. ३-३!!! थुरामने पहिल्याच मिनिटाला टाचेने गोल मारला. डम्फ्रिसने दोन. तो यमाल नावाचा सतरा वर्षांचा पोरगा मात्र झोपू देणार नाही.

वाईट बातमी: आमचा स्ट्रायकर लाउतारो मध्यंतरालाच बाहेर, मांडी धरून. ताई, तुमची साखरेची टाकी.

---

वैद्यकीय_रजा | १ मे, सकाळी ८:२०

पलीकडेही बघा. बार्सेलोनाचा कुंदे शनिवारी कोपा देल रेच्या (स्पेनचा कप) फायनलमध्ये अतिरिक्त वेळेत खेळला, ११६व्या मिनिटाला रेआल माद्रिदविरुद्ध विजयी गोल त्याचाच. काल मध्यंतराआधी तो हॅमस्ट्रिंग धरून बाहेर. हा माणूस हंगामात क्वचितच बसला होता. शनिवारचा नायक बुधवारी स्ट्रेचरच्या वाटेवर, मध्ये फक्त चार दिवस. दुसऱ्या सामन्याला तो नसणार, आणि त्याच्या बाजूने दिमार्को वर जाणार. नेराझुरी, खूश व्हा, पण फार नको.

---

लालेलाल_अॅनफिल्ड | ४ मे, दुपारी ११:४५

अवांतर: काल एफसी गोवाने सुपर कप जिंकला, जमशेदपूरला ३-० हरवून. या धाग्यावर कुणाच्या लक्षात आलं का? की आपण फक्त रात्री साडेबाराचंच फुटबॉल बघतो?

---

नाशकातला_नेराझुरी | ४ मे, दुपारी १२:३०

लक्षात आलं, गोव्याचं अभिनंदन. आणि काल मध्यरात्री आमच्याकडे काय झालं तेही सांगतो. इन्झागीने जवळजवळ अख्खा संघ बदलून व्हेरोनाला १-० हरवलं. गोल पेनल्टीवर. मारली कुणी? असलानीने.

डालडा मागे घेतो.

---

रंकाळ्याचा_राइटबॅक | ४ मे, दुपारी १२:४१

😄 भट्टी, भावा, भट्टी.

---

आकडेमोड | ४ मे, दुपारी १:०५

पॅरिसकडेही नजर टाका. त्यांनी ५ एप्रिललाच फ्रेंच लीग खिशात घातली, सहा फेऱ्या बाकी असताना. त्यानंतर त्यांचा कोच लुईस एन्रिके लीगमध्ये मन मानेल तसे खेळाडू फिरवतोय. नीसकडून हरले, काल स्ट्रासबर्गकडून हरले, आणि त्याच्या चेहऱ्यावर माशीही हलत नाही. त्यांच्या लीगमध्ये संघच अठरा, म्हणजे मुळात चार सामने कमी. इन्झागीला हरायची मुभा नाही. सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे, ती खेळाडूंच्या बाजारात मिळत नाही.

---

तोफखाना | ४ मे, दुपारी १:३०

आम्ही पॅरिसशी सेमीफायनलचा पहिला सामना ०-१ हरलोय आणि मेरिनो अजूनही सेंटर फॉरवर्ड आहे. एवढंच.

---

नाशकातला_नेराझुरी | ७ मे, सकाळी ६:५०

४-३. बार्सेलोनाशी दोन्ही सामने मिळून ७-६. माझा आवाज नाही, शेजाऱ्यांशी संबंध नाहीत. दुसऱ्या हाफमध्ये फोनवर भलत्याच बातम्या यायला लागल्या, एक डोळा तिकडे, एक इकडे. अशी रात्र पुन्हा नको.

फुटबॉलपुरतं लिहितो. ८७व्या मिनिटाला राफिन्याने मारला तेव्हा संपलं होतं सगळं. ९३व्या मिनिटाला अचेर्बी, ३७ वर्षांचा सेंटर बॅक, पुढे जाऊन उजव्या पायाने, जो त्याचा पायच नाही. मग अतिरिक्त वेळेत तारेमीने चेंडू दिला आणि फ्रात्तेसीने कोपऱ्यात ठेवला. तारेमी बदली. फ्रात्तेसी बदली. ज्यांना मी वर्षभर 'हे कशाला घेतलेत' म्हणत होतो ते दोघे.

लाउतारो सहा दिवसांत परत येऊन सुरुवातीपासून खेळला, गोल मारला, पेनल्टी मिळवली आणि सत्तरीत लंगडत बाहेर. ताई, तुम्ही रागवाल, पण मी रडलो.

---

वैद्यकीय_रजा | ७ मे, सकाळी ९:१५

मीही पाहिला. फिजिओ म्हणून तोंडावर हात होता आणि प्रेक्षक म्हणून उभी होते. अशा वेळी खेळाडू 'मी ठीक आहे' म्हणतो आणि त्याच्या डोळ्यांकडे बघून तुम्हाला ठरवावं लागतं. माझ्याकडे येणारी सोळा वर्षांची मुलंही हेच म्हणतात, फरक एवढाच की त्यांच्यामागे इंटरचं वैद्यकीय पथक नसतं.

---

तोफखाना | ८ मे, सकाळी ८:००

१-२. बाहेर. साकाने एक मारला, पण उशीर झाला होता. पॅरिस साठाव्या मिनिटानंतरही पहिल्या मिनिटासारखे पळत होते. नेराझुरी, फायनलसाठी शुभेच्छा. काळजी घ्या, ही पोरं थांबत नाहीत.

---

आकडेमोड | १९ मे, सकाळी ७:३०

काल रात्री नापोली पार्मात ०-० अडकले. इंटर घरी लाझिओविरुद्ध २-१ पुढे होते. तसंच राहिलं असतं तर एक गुणाने अव्वल. ९०व्या मिनिटाला बिसेकच्या हाताला चेंडू, पेनल्टी, पेद्रो, २-२.

पेद्रो सदतीस वर्षांचा. बाकावरून आला होता. ताजा होता.

---

नाशकातला_नेराझुरी | १९ मे, सकाळी ७:३४

आकडेमोड, आज नको.

---

आकडेमोड | २४ मे, सकाळी ८:१०

अंतिम तक्ता: नापोली ८२, इंटर ८१. इंटरने शेवटच्या चार फेऱ्यांत तीन विजय आणि एक बरोबरी मिळवली. त्यातले व्हेरोना आणि तोरिनो हे दोन विजय दुसऱ्या फळीने मिळवलेले, तोरिनोतही गोल झालेव्स्की आणि असलानीचे. एप्रिलच्या त्या बोलोन्या-रोमा आठवड्यात पहिल्या फळीने मिळवलेले गुण: शून्य. एका बरोबरीने पॉइंट सारखे झाले असते.

इटलीत गुण सारखे असले की चॅम्पियन ठरवायला प्लेऑफ असतो. म्हणजे आणखी एक सामना. तोही थकलेल्या पायांनी.

---

ओल्ड_ट्रॅफर्ड_ते_औंध | २४ मे, सकाळी ९:००

नापोलीसाठी काल पहिला गोल मॅक्टोमिनेने मारला, हे इथे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आम्ही विकलेला. आम्ही खेळाडूंना रोटेट करून दुसऱ्या देशांत पाठवतो.

---

नाशकातला_नेराझुरी | १ जून, सकाळी ११:००

०-५.

रविवार आहे म्हणून मित्रांना घरी बोलावलं होतं. मिसळ होती. विसाव्या मिनिटाला दुसरा गोल झाला तेव्हा मी स्वयंपाकघरात पाव गरम करायला गेलो आणि बराच वेळ तिथेच थांबलो. फायनलमध्ये पाच गोलांचा फरक याआधी कधीच झाला नव्हता. हकीमीने पहिला मारला, आमचाच जुना, साजराही केला नाही त्याने, ते जास्त लागलं. दिमार्को त्या पोरांच्या मागे असा पळत होता जसा सुटलेल्या बसच्या मागे माणूस. दुसरा हाफ सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच त्याला काढलं.

इन्झागी चुकला का? माहीत नाही आता. व्हेरोनाविरुद्ध अख्खा संघ बसवला, तोरिनोविरुद्ध बसवला, जिंकलाही. म्हणजे त्याला जमत होतं. मग मार्चमध्ये का नाही, जेव्हा आम्ही पुढे होतो? कारण तेव्हा मीच इथे दुसऱ्या धाग्यावर लिहिलं होतं: 'लाउतारोला बसवणाऱ्याला बडतर्फ करा.' शोधून काढू नका, मी खोडलंय.

---

रंकाळ्याचा_राइटबॅक | १ जून, दुपारी १२:२०

चार जाणती माणसं दारात आली हुती त्यातला एक आपण, असं म्हणा की.

---

नाशकातला_नेराझुरी | १ जून, दुपारी १२:२५

म्हणतो.

---

कूपरेज_काका | १ जून, दुपारी ४:००

मिसळ तरी संपवलीत ना?

---

लालेलाल_अॅनफिल्ड | १४ जुलै, सकाळी ९:१०

धागा वर काढतो. न थकणाऱ्या पॅरिसला काल क्लब वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये चेल्सीने ३-० मारलं. न्यू जर्सीतलं दुपारचं ऊन, जुलैचा मध्य. तीनही गोल पहिल्या हाफात. दोन कोल पामरचे, तिसऱ्याचा पासही त्याचाच.

---

आकडेमोड | १४ जुलै, सकाळी ९:४५

पॅरिसचा तो हंगामातला ६५वा सामना. १३ ऑगस्टला त्यांचा युरोपियन सुपर कप, म्हणजे नवा हंगाम बरोबर एका महिन्यात सुरू.

चेल्सीनेही ६४ खेळलेत, त्यामुळे 'ते ताजे होते' असं म्हणता येत नाही. पण त्यांच्या कोच मारेस्काने वर्षभर कॉन्फरन्स लीग वेगळ्याच संघाने खेळवली. पहिल्या टप्प्याच्या यादीत पामरचं नावच घातलं नव्हतं, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबर तो गुरुवारी घरी. तेव्हा चेल्सीवाले किती बोंबलले होते ते आठवतं का?

---

तोफखाना | १४ जुलै, सकाळी १०:०२

आठवतं. मीच त्यांना चिडवत होतो, 'तुमचा सगळ्यात भारी खेळाडू टीव्हीवर मॅच बघतोय' म्हणून.

---

वैद्यकीय_रजा | १४ जुलै, दुपारी १:१५

एक हंगाम बघून निष्कर्ष काढू नका, पामरच्या जागी दुसरा कुणी असता तर लय हरवून बसला असता. काही खेळाडू खेळत राहिले तरच बरे राहतात. लाउतारो कदाचित तसाच असेल. मला फक्त पुढचे तीन महिने पॅरिसच्या मांड्या बघायच्या आहेत.

राइटबॅकदादा, तुमची मांडी कशी आहे? विचारायचं राहून गेलं होतं.

---

रंकाळ्याचा_राइटबॅक | १४ जुलै, रात्री १०:३०

पावसाळ्यात धरती, ताई. बाकी बरी.

गेल्या वर्षीपासनं सकाळी गल्लीतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांना घेतो. वीस पोरं हायत. वही केलीय, कोण किती मिनिटं खेळला ते लिवतो. जानेवारीत एका मॅचला आमच्या सगळ्यात भारी पोराला पहिला हाफ बसवलं. मॅच सुटली आणि त्याचे वडील गाडी आडवी लावून उभे. 'आमच्याला का बसवलं?' वही दाखवली. वही बघितली न्हाई त्यांनी.

सध्या पावसानं ग्राऊंडचं तळं झालंय. आठ दिवस सगळ्यांनाच सुट्टी.